चार जाड तारा आणि नलू

लोहारा

ममताताईंना विजयमालाचा जयभीम.

झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, पेले मांडणीवर उपडे घातले होते आणि मी तुमच्या भावाची, आमच्या भीमराजांची, बेस गिटार पुसत होते. (तुमचा गुडघा कसा आहे, हे आधी विचारायला हवं होतं. कसा आहे?) तिच्या चार खुंट्या चार दिशांना तोंडं करून होत्या. पेले लावते तशा मी त्याही एका रांगेत लावल्या. छान दिसल्या.

दुपारी नलू आली. तुमची ही धाकटी वहिनी आता जयंतीच्या गाण्यांना भीमराजांच्या जागी उभी राहणार आहे. (फोन न करता लिहिते आहे, कारण आमच्या दोन घरांत भिंत एकच.) पेटीवाला संघदीप तिला माझ्याच चटईवर बसून शिकवतो. सर्वांत जाड तार ई, मग ए, डी, जी. नलूवहिनीचं बोट कसं नेमकं पडते, म्हणतो. रोज गिटार पुसणाऱ्या बोटांबद्दल कोणी काही म्हणत नाही.

त्या दिवशी मात्र नलूचा एकही सूर बरा निघेना. ‘वहिनी, काय करून राह्यल्या तुम्ही?’ संघदीप वैतागला. नलू रडकुंडीला आली. मी चहात आलं घातलं, एरवी घालत नाही. मग त्याने खुंट्या पाहिल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत, त्या वाकड्या असण्यातच सूर होता. तुमच्या भावाने लावून ठेवलेला. तो मी पेल्यांच्या रांगेत बसवला.

दुसऱ्या दिवसापासून दार लावून मीही शिकू लागले. दांड्यावर खुणेला माझ्या टिकल्या चिकटवल्या (भीमराज गेल्यापासून पाकिटं उरलीच होती). केबल न जोडता ही गिटार माशीएवढीच गुणगुणते, त्यामुळे मला वाटायचं, जमतं आहे. परवा स्पीकरला केबल जोडली. मांडणीवरचे दोन पेले खाली आले आणि भिंतीपलीकडून नलू म्हणाली, ‘बाई, चुकलं. ए पाह्यजे तिथं.’

बरोबर होतं तिचं. तेच सहन होत नाही.

गुडघ्याला शेक देत जा.

तुमची
विजयमाला

ता.क. उद्यापासून तालीम विहारात आहे आणि नलू गिटार तिकडे न्यायची म्हणते. तुम्ही मोठ्या, तुमचा शब्द ती मोडणार नाही. गिटार माझ्या घरातून हलवायची नाही, एवढं तिला सांगा.

आणखी ता.क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी मी गिटार पुसली, टिकल्या तशाच ठेवल्या आणि नलूला नेऊन दिली. केबल माझ्याकडे ठेवली आहे.