झोहराची सहावी

श्रूजबरी, अमेरिका, मंगळवार संध्याकाळ

झोहराने आज चाचणीत मुद्दाम चुका केल्या. कच्च्या कागदावर सगळी उत्तरं बरोबर होती, उत्तरपत्रिकेत मात्र चूक. साताऱ्यात इतकी वर्षं गणित शिकवलं, पण असं करणारी मुलगी पाहिली नव्हती.

ती तेरा वर्षांची, काबूलहून आलेली. घर सुटलं, शाळा सुटली. इथल्या शाळेने सहावीत बसवलंय आणि मंगळवारी लायब्ररीत मी तिला शिकवते. सिनेमे बघून तिला हिंदी छान येते, त्यामुळे आमचं जमतं.

मी कच्चा कागद तिच्यापुढे ठेवला. "हे काय गं? पास झालीस तर सातवीत जाशील ना?"

"म्हणूनच, आंटी. माझ्या मैत्रिणी तिकडे सहावीतच थांबल्यात. पुढे मुलींना शाळाच नाही. परत गेले तर मला त्यांच्याच शेजारी बसायचंय."

रागवायला हवं होतं का?

पण म्हटलं, "तू त्यांच्यासाठी थांबावंस का, हे त्यांना विचारलंस?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. "तिकडे आता रात्र आहे, झोपल्या असतील. उठल्या की विचारते. त्या जा म्हणाल्या, तर सातवीत जाईन."