राघोशेठच्या चौदा पिढ्या

डोंबिवली,
ता. १४ मे १९५४

नाशिकक्षेत्री परक्यांच्या पूर्वजांचा पिढ्यान् पिढ्या सांभाळ करणारे आमचे मेहुणे श्रीयुत प्रभाकरराव यांस त्र्यंबकाचे अनेक नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलेले नाही आणि चाळीच्या विहिरीला अजून पाणी आहे. तुमचे कुशल कळवावे. आमच्या गोदाचा खोकला कसा आहे? तिला ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरायला सांगावे. खोकला थांबला नाही तरी बोलणे थांबेल. तुमच्या उजव्या हाताची बोटे संधिवाताने धरली होती, ती सुटली का? (ही चौकशी केवळ रीत म्हणून नाही. तुमची बोटे धड असणे या पत्राच्या दृष्टीने फार अगत्याचे आहे. कारण पुढे येईल.)

मी हल्ली काय करतो, असे तुम्ही मागल्या पत्री विचारले होते. मी हल्ली अमेरिकेचा इतिहास करतो. हसू नका. फोर्टातल्या आमच्या कचेरीजवळ अमेरिकन लोकांची एक लायब्ररी आहे. तिथे डोक्यावर पंखे आहेत, प्यायला गार पाणी आहे, आणि हातात पुस्तक असेपर्यंत कोणी उठ म्हणत नाही. सर्वांत जाड पुस्तकाखाली सर्वांत जास्त वेळ बसता येते, या हिशेबाने मी मधल्या सुट्टीत एक पुस्तक उचलले, ते निघाले 'हॅझलवुड काउंटीचा इतिहास'. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. फक्त मामलेदाराच्या जागी शेरीफ असतो आणि तो घोड्यावर बसतो. आठशे पाने. पहिल्या प्रकरणात झाडे आणि दगड. दुसऱ्या प्रकरणात तिथली मूळची माणसे, ती दीड पानात आटोपली आहेत. शेवटचे वाक्य असे, की 'नंतर ते पश्चिमेला गेले.' (स्वखुशीने की कसे, याबद्दल ग्रंथकाराला कुतूहल दिसत नाही.) तिसऱ्या प्रकरणापासून मात्र खरा इतिहास: पहिली झोपडी कोणी बांधली, पहिली गिरणी कोणाची, पहिले बारसे, पहिली फाशी. आणि शेवटी दाढीवाल्या गृहस्थांची चित्रे. ज्याने पुस्तकाची वर्गणी आगाऊ भरली तो सगळा वंशवृक्षासकट सात्त्विक, निर्व्यसनी आणि जनरलचा पणतू. ज्याने भरली नाही त्याच्या वाट्याला एक ओळ, तीही त्याचा बैल मेल्याची.

प्रभाकरराव, मला या पुस्तकाचे वेड लागले. पान दोनशे बारावर लिहिले आहे की पहिली झोपडी जेकब प्रुइटने बांधली आणि पान चारशे सहावर लिहिले आहे की ती एझ्रा स्टलने बांधली. आता हॅझलवुड काउंटीत पहिली झोपडी कोणाची, याने डोंबिवलीत कोणाचे काय अडते? पण मला झोप येईना. मी सरळ तिथल्या इतिहास मंडळाला पत्र टाकले. तीन महिन्यांनी उत्तर आले, सहा पानी, मिस एडना व्हिटलॉक नावाच्या चिटणीसबाईंचे. या बाई आईकडून स्टल. त्यांनी शांतपणे कळवले होते की प्रुइट घराणे गेली एकशेवीस वर्षे खोटे बोलत आहे आणि हे कचेरीतल्या कागदांवरून सिद्ध होते. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार चालू आहे. त्या मला खरेदीखतांच्या नकला पाठवतात, मी त्यांना प्रुइटांच्या वंशवृक्षातल्या चुका काढून देतो. (एक प्रुइट स्वतःच्या आईच्या आधी दोन वर्षे जन्मला आहे.) आमच्या घरातून या कार्याला उत्तेजन नाही. "तिकडच्या मेलेल्यांची एवढी विचारपूस करता, इकडच्या जिवंतांच्या दिव्यात रॉकेल आहे का ते बघा," असे रोज सकाळी ऐकून मी घराबाहेर पडतो.

इथवर सगळे निरुपद्रवी होते. पण आमच्या रहिवासी संघाने यंदा स्मरणिका काढायचे ठरवले, आणि 'डोंबिवलीचा इतिहास' लिहायला मीच सापडलो. त्याच समारंभात गावच्या आद्य रहिवाशाला शालजोडी आणि नारळ द्यायचा आहे. या मानावर दोघांचा डोळा. एक, टपालखात्यातून निवृत्त झालेले पोपटराव, जे एकतीस सालच्या दिवाळीत इथे राहायला आले. आणि दुसरा मी, जो बत्तीसच्या संक्रांतीला आलो. अडीच महिन्यांचा फरक! पण पोपटरावांच्याजवळ भाड्याची पावती नाही. तेव्हा मी मिस व्हिटलॉकबाईंची शिस्त संघात आणली आणि ठराव पास करून घेतला, की ज्याला कागद नाही तो इतिहास नाही. स्मरणिकेत कागदाशिवाय एक अक्षर छापायचे नाही. पोपटरावांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा झाला होता. (ते स्मरणिकेचे संपादक आहेत, हे माझ्या ऐन वेळी ध्यानात राहिले नाही.)

मग मी प्रकरण लिहिले आणि संघाच्या सभेत वाचले. सुरुवात हॅझलवुडच्या चालीवर केली होती: 'त्या काळी येथे निबिड जंगल होते. मनुष्यवस्ती अशी नव्हतीच. अशा स्थितीत काही धाडसी कुटुंबे रेल्वेने येथे उतरली.' टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागल्या बाकावरून एक माणूस उठला. ते आमचे घरमालक, राघोशेठ.

राघोशेठ कोण, हे तुम्हाला सांगायला हवे. इथल्या जुन्या शेतकऱ्यांपैकी. बापजाद्यांची भातशेती आणि खाडीला मिठागरे. आम्ही राहतो ती चाळ त्यांची, पोपटराव राहतात ती चाळ त्यांची, आणि ज्या ओट्यावर उभा राहून मी वाचत होतो तो ओटाही त्यांचाच. शिवाय मानपाड्याच्या वाटेवरचा त्यांचा एक तुकडा मला घरासाठी द्यायचा त्यांनी शब्द दिला होता. दोन खोल्यांत आम्ही सातजण राहतो, प्रभाकरराव. थोरला परीक्षेचा अभ्यास मोरीच्या कट्ट्यावर बसून करतो. त्या तुकड्यावर आंब्याचे एक झाड आहे. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या फांदीवर मनातल्या मनात झोपाळासुद्धा टांगून ठेवला आहे.

तर राघोशेठ उठले आणि अगदी अदबीने म्हणाले, "भाऊसाहेब, येक इचारू? जंगल व्हता, मान्सा नव्हती. मंग आमी कोन व्हतो? कोले?"

सभा हसली. मीही हसलो. राघोशेठ हसले नाहीत. मी घाईने सांगू लागलो की ही परदेशातली पद्धत आहे, तिकडे मोठमोठे ग्रंथ असेच लिहितात. "तिकडं पयली मान्सा नव्हती?" होती, म्हटले. "ती कुठं जेली?" पश्चिमेला गेली, म्हटले. राघोशेठांनी टोपी उचलली. "आमच्या पच्छिमेला तं खारी हाय," ते म्हणाले (खारी म्हणजे खाडी) आणि टोपी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी तुकड्याचा विषय काढला तेव्हा निरोप स्वच्छ मिळाला. बुकात आधी त्यांच्या घराण्याचे नाव, बापजाद्यांसकट. मग कल्याणला जाऊन खरेदीखत. मी तत्काळ होकार दिला. पिढ्या काय, सांगतील तितक्या लिहून टाकू! पण पोपटराव संपादक. त्यांनी माझाच ठराव मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा, आणि वर विचारले, "कागद आहे का, त्र्यंबकराव?" असा गोड आवाज मी त्यांच्या तोंडून बावीस वर्षांत ऐकला नव्हता.

म्हणून मी रजा काढून कल्याणच्या मामलेदार कचेरीत जाऊन बसू लागलो. तिथल्या दप्तरखान्याचे कारकून धाकूभाऊ हे कागदांच्या बाबतीत वाळवीच्या बाजूचे. पहिले दोन दिवस त्यांनी मला किल्ली सापडत नाही म्हणून बसवले, तिसऱ्या दिवशी किल्ली सापडली आणि कुलूप गंजलेले निघाले. पाचव्या दिवशी मोडी कागद बांधलेला रुमाल सुटला. जमीन-मोजणीच्या वेळचा. त्यात राघोशेठांच्या पणज्याचे नाव मिळाले. त्याच्यापूर्वी काही नाही. एकूण पिढ्या चार. राघोशेठांचे म्हणणे चौदा.

हे त्यांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, आईला विचारा. त्यांच्या मातोश्री ठमाबाई ऐंशीच्या पुढे आहेत. पडवीत बसून वाल सोलत होत्या. मी वही उघडली आणि पेन्सिल जिभेला लावली, तेवढ्यात त्यांच्या चार पिढ्या निघून गेल्या. वाल सोलण्याची गती कमी न करता बाईंनी चौदा नावे सांगितली: कोण खाडीत बुडाला, कोणी कोणते शेत बांधले, कोणाला वाघाने नेले, कोणाची बायको सासूला पुरून उरली. मी गंमत म्हणून उलट विचारले, तर त्यांनी खालून वर सांगितली, तशीच, एकही न चुकता. मध्ये फक्त एकदा थांबल्या. कीड लागलेला दाणा फेकायला.

मी म्हटले, आजी, हे खरे, पण कुठे लिहिलेले आहे का? तेव्हा त्यांनी प्रथमच मान वर केली आणि माझ्याकडे निरखून पाहिले. "लिवाला दिलं व्हतं ना. तुज्याच आज्याकडं," त्या म्हणाल्या. "तवाच वलखला मी तुला. नाकावरशी."

प्रभाकरराव, माझे आजोबा मीठखात्यात कारकून होते एवढे तुम्हाला ठाऊक आहे. कुठे होते, ते आम्हालाही ठाऊक नव्हते. 'कोकणपट्टीत' एवढेच घरात बोलले जाई. ते इथे होते! या खाडीच्या मिठागरावर! आठ वर्षे राघोशेठांच्या पडवीत राहिले, त्यांच्या घरचा तांदूळ शिजवून खाल्ला. ("लय खायचा," असे ठमाबाई म्हणाल्या. हा गुण घराण्यात टिकून आहे.) प्लेगच्या आधीच्या सिंहस्थाला ते नाशकाला निघाले, तेव्हा ठमाबाईंच्या सासऱ्यांनी त्यांच्याकडून चौदाच्या चौदा नावे घोकून घेतली आणि सांगितले, गंगेवर आमच्या लोकांची नावे उपाध्यांच्या चोपडीत लिहून या. बरोबर तांदळाची गोणी आणि पाच नारळ दिले. आजोबा गेले. परत आले नाहीत. मागून प्लेग आला, बदली झाली, काय झाले देव जाणे. राघोशेठांच्या घरात त्या वेळेपासून एक म्हणणे चालत आले आहे: कोणी उशीर केला की 'कारकून जेला' म्हणतात. मी गेली बावीस वर्षे त्यांच्या तोंडून ते ऐकतो आहे आणि हसतो आहे.

म्हणजे पाहा मजा. पोपटराव एकतीस साली आले, आणि आमचे घराणे त्यांच्या आधी चाळीस वर्षांहून अधिक! शालजोडी निर्विवाद माझी. पण साक्षीदार कोण? ठमाबाई. त्यांच्याजवळ कागद आहे का? नाही. आणि मान घेतलाच, तर स्मरणिकेत छापावे लागणार की डोंबिवलीचा आद्य रहिवासी घरमालकाची गोणी घेऊन निघून गेला.

मी मिस व्हिटलॉकबाईंना सहज विचारले होते, की स्टलच्या झोपडीपूर्वी तिथे कोणाची झोपडी होती का. काल त्यांचे उत्तर आले. असतील, म्हणतात, पण त्यांचे कागद नाहीत. मी हे राघोशेठांना वाचून दाखवले नाही.

असो. फार लांबले. मुलांना आशीर्वाद, गोदाला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमचा,
त्र्यंबक

ता. क. — डोंबिवलीचे उपाध्येपण तुमच्याच घराकडे. तुमच्या आजोबांच्या वेळच्या यात्रेकरूंच्या चोपड्या माळ्यावर आहेत, त्यांतली त्या सिंहस्थाची काढून धूळ झटकावी आणि मौजे डोंबिवलीच्या पानावर चौदा नावे आहेत का, ते पाहावे. असल्यास सही-शिक्क्याची नक्कल पहिल्या टपालाने पाठवावी. यादी सोबत जोडली आहे. स्मरणिका छापायला जायला बारा दिवस उरले आहेत, आणि आंब्याच्या झाडाकडे दुसरेच एक गृहस्थ हल्ली रोज फिरायला जातात.

आणखी ता. क. — पान नसल्यास तसे कळवू नये. जुनी शाई आणि एक कोरे पान तुमच्यासारख्या घरात निघेलच. म्हणूनच बोटांची चौकशी केली. खाली सहीपुरते आमच्या आजोबांचे अक्षर गोदाला वळवता येते. शाळेत रजेच्या चिठ्ठ्या ती त्याच वळणात लिहीत असे.

शेवटचा ता. क. — वरचा ता. क. खोडून वाचावा. आत्ता पत्र टपालात टाकायला निघालो, तो ठमाबाईंनी हाक मारली. म्हणाल्या, "तुज्या घरची नावा ऱ्हायली ना." आजोबांनी संध्याकाळी पडवीत बसून त्यांच्या सासऱ्यांची चौदा नावे पाठ केली, तशी आपली सातही त्यांना सांगितली होती, आणि चुलीपाशी बसलेल्या सुनेला दोन्ही पाठ झाली. त्यांनी मला माझे सात पूर्वज सांगितले. मला त्यांतले तीनच माहीत होते. आता, गोदाच्या लग्नाच्या वेळी तुमच्या तीर्थरूपांनी आमच्याकडून सात पिढ्यांची वंशावळ मागितली होती. ती आम्ही दिली, आणि तुमच्या चोपडीत आज अठरा वर्षे सही-शिक्क्यासह आहे. प्रभाकरराव, त्यातले वरचे चारजण मी एका दुपारी कचेरीत बसून केले होते. (पेशव्यांच्या पदरी असलेले ते अनंतभट मला अजूनही आवडतात.) गोदाला बोलू नये, तिला मी शपथ घातली होती. चोपडी उतरवालच, तर तेही पान काढावे आणि ठमाबाईंनी सांगितलेली चार नावे घालून दुरुस्त करावे. मी ती सोबतच्या यादीच्या पाठीमागे लिहिली आहेत. कागद विचारू नये.