झाकण कोणाच्या गळ्यात

मी, हानाओका कियोनो, वय वर्षे ऐंशी, कैलासवासी एइजी यांची पत्नी, धंदा मिसो, म्हणजे बुरशी लावून आंबवलेला सोयाबीनचा लगदा, करून विकणे, राहणार सुवा तळ्याच्या काठी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक दाखवलेला नाही की आमिष दिलेले नाही. उलट माझे धाकटे दीर ताकेओ दोनदा म्हणाले, "वहिनी, या वयात कशाला कागद काळे करता?" त्यावरूनच हे लिहिणे किती गरजेचे आहे ते मला कळले. पूर्वी कुठे काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

कलम पहिले. घर, दुकान आणि मिसोची सर्व पिंपे माझी भाची मिहोको हिला द्यावीत. तिने बावीस वर्षे माझी जीभ सोसली, तेव्हा हे बक्षीस नसून भरपाई आहे. मागच्या कोपऱ्यातले पिंप तीन उन्हाळे उघडू नये. बँकेत जे आहे त्यातून माझे क्रियाकर्म करावे. मठाच्या भटजींना ठरलेले तेवढेच द्यावे, त्यांना सर्दी झाली की ते निम्मे मंत्र गिळतात.

कलम दुसरे, कॅमेऱ्यांविषयी. सगळे गाव समजते की कपाटातले कॅमेरे एइजींनी जमवले. एइजींनी तीन जमवले, बाकीचे मी, मिसो विकून. ते शोभेला ठेवलेले नाहीत. प्रत्येकाने दर महिन्याला एक रोल खाल्लेला आहे. मिहोकोने त्यांतला जुना कॅनन ठेवावा, तो माझा आहे. बाकीचे विकावेत. आमच्या छायाचित्र मंडळाला मात्र त्यांतला एक स्क्रूही जाऊ नये.

अपवाद एक. मंडळाचे चिटणीस फुजिमोरी यांना आतून बुरशी धरलेली लेन्स द्यावी. मी मंडळात गेले की हे गृहस्थ ताकेओंबरोबर ओरडायचे, "लांब उभ्या राहा! तुमच्या अंगावर मिसोची बुरशी आहे, आमच्या काचा खराब होतील!" मिसोच्या खोलीतले कपडे घालून मी कधीही कॅमेऱ्याला हात लावला नाही. माझ्या एकाही लेन्सला बुरशी नाही. ही लेन्स मी मुद्दाम शोधून विकत आणली आहे, फुजिमोरींसाठी.

कलम तिसरे. हे ताकेओंबद्दल आहे, म्हणून लांबेल.

आमच्या जातीच्या कॅमेऱ्यात माणूस लेन्समधून बघत नाही. बाजूच्या लहान खिडकीतून बघतो. लेन्सवर झाकण तसेच राहिले तरी खिडकीतून सगळे जग लख्ख दिसते, खटका वाजतो, आणि रोल कोरा निघतो. बर्फावर तर झाकण लावावेच लागते, नाहीतर ऊन आतल्या कापडी पडद्याला भोक पाडते. म्हणून ही चूक सर्वांत जास्त तिथेच होते. मंडळाचा नियम असा की कोणाचे झाकण राहिलेले दिसले तर सांगायचे नाही. संध्याकाळी त्याने ते झाकण लाल दोरीने गळ्यात बांधायचे, वाकून नमस्कार करायचा आणि सर्वांना साके, म्हणजे तांदळाची दारू, वाढायची. नियम ताकेओंनी केला. ते अध्यक्ष आहेत.

माझी मुलगी चिनामी एकोणीस वर्षांची होती त्या हिवाळ्यात तळे पूर्ण गोठले आणि बर्फाला ती मोठी उभी चीर पडली. अशी चीर म्हणजे देवाची पायवाट असे आम्ही मानतो, तेव्हा देव तळे ओलांडून गेले म्हणून गावभर आनंद. मंडळ पहाटेच बर्फावर. मी चिरेची काही चित्रे काढून झाकण लावले, तेवढ्यात चिनामी आली आणि म्हणाली, "आई, माझे काढ ना." मी उरलेला सगळा रोल तिच्यावर काढला. ती हसत होती. इतकी हसत होती की मला वाटले, आज माझा हात चांगला चालला आहे.

माझ्या पाठीमागे सगळे मंडळ उभे होते. चिनामी रात्री जेवताना म्हणाली, "आई, झाकण तसंच होतं गं. मी सांगणार होते, पण काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मला हसूच आवरेना. चिडू नकोस, उद्या परत काढू या."

दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि बर्फावर जायला बंदी झाली. तिसऱ्या दिवशी ती तोक्योला शिकायला गेली. त्याच पावसाळ्यात तिथल्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून ती मेली.

ताकेओंनी मात्र त्या सकाळी आपले झाकण काढले होते. त्यांच्या चित्रात चिनामी हसते आहे आणि कडेला मी, झाकण लावलेला कॅमेरा डोळ्याला लावून वाकलेली. त्या चित्राला प्रांताचे बक्षीस मिळाले. मुलगी गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशीचा विधी झाला, त्याच दिवशी मी त्यांच्याकडे नेगेटिव्ह मागितली.

"देतो की, वहिनी. पण नियम तो नियम. एकदा झाकण गळ्यात घाला, चार जणांना वाढा, आणि घेऊन जा. मी काय नाही म्हणतोय का?"

मी वाढले नाही. त्यांनी दिली नाही. यालाही तीस वर्षे होऊन गेली. मला माझ्या मुलीचे ते हसू हवे होते, रोज हवे होते, आणि ते रस्त्यापलीकडे मंडळाच्या भिंतीवर टांगलेले होते.

कलम चौथे. गेल्या शरदात माझी जाऊ साचिए दवाखान्यातून एका दिवसासाठी घरी आली. ती आता टिकणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. ताकेओंनी तिला दारातल्या पर्सिमनच्या झाडाखाली बसवले आणि रोल भरला. त्यांना मोतीबिंदू आहे. झाकण लेन्सवर होते. मी शेजारीच उभी होते, मंडळही होते. फुजिमोरींनी तोंड उघडले, तशी मी ओठांवर बोट ठेवले. नियम तो नियम.

गावात रोल धुणारी आता मीच उरले आहे. साचिए गेल्यापासून ताकेओ दर गुरुवारी दुकानात येतात.

"वहिनी, झाला का रोल?"

"औषध नाही आलं अजून."

"तिचं ते शेवटचं आहे हो."

"माहीत आहे मला."

मागच्या गुरुवारी ते पिंपाला टेकून रडले. मी त्यांना चहा दिला. रोल मी केव्हाच धुतला आहे. तो काचेसारखा कोरा आहे.

मला याचे वाईट वाटते ते फक्त साचिएसाठी. ती भली बाई होती.

तर मिहोकोने असे करावे. मी गेल्यावर माझ्या प्रेताशेजारी सगळे जागतील त्या रात्री, सर्वांसमोर तो कोरा रोल ताकेओंच्या हातात द्यावा. मग सांगावे की त्या दिवशी माझ्या कॅननवर झाकण नव्हते. साचिए नवऱ्याकडे बघून हसते आहे, कडेला ताकेओ आणि त्यांचे काळे झाकण, असे एक उत्तम चित्र माझ्याजवळ आहे. त्यांनी तीस वर्षांपूर्वीचे माझे झाकण लाल दोरीने गळ्यात बांधावे, चिनामीच्या तसबिरीसमोर वाकावे, सर्वांना साके वाढावी, आणि चिनामीची नेगेटिव्ह माझ्या शवपेटीत ठेवावी. मग साचिएची घेऊन जावी. नाही म्हणाले, तर साचिएच्या नेगेटिव्हचे पाकीट सर्वांदेखत माझ्या उशाशी ठेवून पेटी बंद करावी. माझ्याबरोबर जळेल.

कलम पाचवे. हे फक्त मिहोकोसाठी आहे. मोठ्याने वाचू नये.

ते नाहीच म्हणतील. मी त्यांना ओळखते, आम्ही दोघे एकाच मातीचे. तू पेटीत जे पाकीट ठेवशील ते रिकामे असू दे. साचिएची नेगेटिव्ह देव्हाऱ्यामागच्या चहाच्या डब्यात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांच्या घरी जा, दार वाजव आणि ती त्यांच्या हातात दे. बदल्यात चिनामीची मागू नकोस. त्यांनी एक रात्र जळत काढावी एवढेच मला हवे. एका रात्रीहून जास्त मी कोणालाही देणार नाही, कारण जास्त म्हणजे किती असते ते मला माहीत आहे.

आणि पुढे कधी कोणाच्या लेन्सवर झाकण दिसले तर सांगत जा. लगेच.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि तो मला मान्य आहे. साक्षीदार म्हणून मंडळाचे कोणी घेतलेले नाही. डोळ्यांदेखत घडलेले बघून गप्प बसायची त्यांना सवय आहे, आणि आता ती मलाही लागली आहे.

हानाओका कियोनो (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. उशियामा सेइइची, न्हावी
२. कोमात्सु तोयो, टोफूवाली

ठिकाण: सुवा, दुकानाच्या मागची खोली
तारीख: १९ नोव्हेंबर, रेइवा सहावे वर्ष (२०२४), गुरुवारच्या आत