खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

माय,

त्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू होताना आधी दोनदा खाकरायचा आणि मग एका सुरात घरघरत राहायचा. आज दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर तोच आवाज कानात आला. घरात आता तसला पंखा कुठेच नाही. भिंतीवर इंटरनेटची वहीएवढी एक पांढरी डबी आहे, ती मुकाट्यानं दिवे लुकलुकवत असते. तरी आवाज आला, आणि पाठोपाठ तू आलीस, पदराला हात पुसत. पहिल्या दिवशी तो सुरू केला तेव्हा तू दारात उभी राहून ऐकत होतीस. म्हणालीस, "तुहे बाबा रेच्यावर काम करत होते तवा असाच आवाज येत जाय घरापरेंत." जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारे ते रेचे हिंगणघाटच्या निम्म्या गावाला ऐकू येत. मला ती उपमा इतकी आवडली की मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात शिकवताना सांगून टाकली, आणि आपलीच म्हणून सांगितली. पण आजची कबुली त्याबद्दलची नाही.

तो खटाटोप मी काऊन मांडला होता, आठवतं तुला? घरात ब्रॉडबँड नवं नवं आलं होतं आणि बाहेरून काहीतरी आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं. सुरू केला की मिनिटाभरात तो आपोआप बंद. वर्गात तीस वर्षं म्हणून घेतलेल्या कविता मी आठवून आठवून त्यात टाइप करत होतो, त्यातल्या निम्म्या गेल्या. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तू ताट पुढं सरकवून म्हणालीस, "गेल्या त गेल्या. तुह्या तोंडात हायेत ना? मंग काऊन रडून राह्यला?" तुझं बरोबर होतं, पण मला तेव्हा राखण हवी होती. शाळेनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला, नागपूरहून त्यात दुसरी तार जोडायला जास्तीचं एक कार्ड आणलं, आणि एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून, पुस्तकात बोट ठेवून ओळ ओळ वाचत, त्याला राखणदार, म्हणजे फायरवॉल, करून मधे बसवला. एका बाजूनं टेलिफोनवाल्यांच्या राउटरची तार आत, दुसऱ्या बाजूनं आपल्या घराकडं जाणारी तार बाहेर. जे येईल ते आधी याच्यापुढून जाईल. टेलिफोनची वायर स्वयंपाकघराच्या भिंतीतून येत होती, म्हणून त्याची जागा तिथंच, तुझ्या फडताळाशेजारी.

तू विचारलंस, हा करते काय? मी वर्गातल्यासारखं समजावून सांगितलं, की आधी सगळ्यांना दार बंद, मग ज्याला आपण बोलावलं असेल तेवढ्यालाच आत. तू म्हणालीस, "हे उलटं झालं, बापा. आपल्याइथं आधी पानी देते, मंग इचारते का कोन गावचा." तुझी सून पोळ्या लाटता लाटता इतकी हसली की पोळी करपली. पण त्या दाराशी तुझं लवकरच जमलं. हिवाळ्यात दही लागत नाही म्हणून तू विरजणाचं पातेलं त्याच्या डोक्यावर ठेवायला लागलीस. मी ओरडलो की उचलायचीस, शाळेत गेलो की पुन्हा ठेवायचीस. संध्याकाळी ताटात कवडीसारखं दही यायचं आणि मी मुकाट्यानं खायचो. जगातल्या कुठल्या फायरवॉलनं दही लावलं असेल, माय?

मग ती खंडेनवमी आली. लेकीला सिंगापूरला मुलगी झाली होती आणि बारसं नेमकं त्या दिवशी सकाळी होतं. पाळणा तू म्हणायचा असं ठरलं होतं. कॅमेऱ्यासमोर बसून तू म्हणणार, तिथं पडद्यावर तू दिसणार, आणि तुला तुझी पणती दिसणार. आठ दिवस तू भाजी निवडताना तो पाळणा घोळवत होतीस, मधलं एक कडवं विसरायचीस आणि स्वतःलाच रागवायचीस. मीही तयारीत होतो. चित्राची ये-जा होण्यासाठी त्या दारात एक नवी वाट उघडावी लागत होती, ती मी उघडली, लेकीशी एकदा बोलून पाहिलं, तिचा चेहरा तुकड्या-तुकड्यांनी का होईना पण दिसला.

त्या सकाळी मी अंघोळीहून आलो तर स्वयंपाकघर शांत. इन्व्हर्टर घेतल्यापासून तो पंखा कधी थांबला नव्हता, म्हणून ती शांतता एकदम अंगावर आली. तू त्याचं बटन बंद केलं होतंस. कोरड्या फडक्यानं पुसला होतास, कारण पाणी लावायचं नाही हे मी सांगितलेलं तुझ्या ध्यानात होतं. वर हळदीकुंकवाचं एकेक बोट आणि झेंडूचं एक फूल. शेजारी तुझी विळी, पावशी आणि बाबांचे नट आवळायचे जुने पाने, तेही पुसून मांडलेले. जिनिंगमध्ये खंडेनवमीला रेचे थांबवायचे, पुसायचे, पुजायचे, आणि त्या दिवशी कोणी त्यांना हात लावायचा नाही. तू तेच केलं होतंस.

"माय! बंद काऊन केला?"

"त्याले बी एक दिस आराम नको काय? बारा महिने घरघर करून राह्यला बिचारा."

मी घाईनं सुरू केला. खाकरला, घरघरला, दिवे लागले. पण चित्र येईना. तिकडं पाहुणे जमलेले, मुहूर्त पुढं सरकतोय, आणि माझ्या पडद्यावर नुसता काळा चौकोन. मी तारा काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या. आणि मग शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या असताना मी तुझ्यावर ओरडलो. "तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले? सत्यानाश केला सगळा!" पन्नाशी उलटलेला मास्तर मी, ज्यानं वर्गात कधी छडी उगारली नाही.

शेवटी लेकीनं साधा फोन केला. आजीला फोन द्या, फोनवरूनच पाळणा म्हणू दे. सुनेनं रिसीव्हर तुझ्यापुढं धरला. तू दोन पावलं मागं सरलीस, हात पाठीमागं घेतलेस. "नाई बापा. माह्या हातानं आनखी काई बिघडन." कितीही म्हटलं तरी तू घेतला नाहीस. बारसं झालं. नंतर पाणी प्यायला मी आत आलो, तर तू चुलीकडं तोंड करून हळूहळू तो पाळणा म्हणत होतीस. ते मधलं कडवं त्या दिवशी तुला बरोबर आठवलं होतं. मी पाणी न पिताच बाहेर गेलो.

आता ऐक. त्याच संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसलो तेव्हा कळलं. बाकी सगळं सुरळीत चालू होतं, ई-मेल येत होते, जुन्या साऱ्या वाटा उघड्या होत्या. बंद होती ती फक्त त्या आठवड्यात मी उघडलेली नवी वाट. ती मी नुसती टाइप केली होती, फाइलमध्ये उतरवून ठेवली नव्हती. तसं केलं की यंत्र चालू असेपर्यंत ती राहते, बंद झालं की पुसली जाते. पाटीवर लिहिलं आणि वहीत उतरवलं नाही, इतकं साधं. हे वाक्य मी पोरांना रोज ऐकवायचो. तू नसतं बंद केलं, तर पुढं केव्हातरी इन्व्हर्टरची बॅटरी उतरल्यावर तेच झालं असतं. चूक माझी होती. पाच मिनिटांत मी ती ओळ फाइलमध्ये लिहिली, चित्र यायला लागलं, आणि मी बाहेर येऊन म्हणालो, "झालं दुरुस्त." तू म्हणालीस, "बरं झालं बापा, माह्यानं नुस्कान नाई झालं ना जास्त?" मी म्हणालो, "नाही." एवढंच. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं.

त्यानंतर तू दही पुन्हा चुलीच्या उबेला लावायला लागलीस. पणतीला पडद्यावर पाहायचीस ती दोन हात लांब बसून, हात मांडीत धरून. पुढच्या खंडेनवमीला विळी पुजलीस, पाने पुजलेस, त्याला मात्र वगळलंस. मला ते दिसलं. त्याच हिवाळ्यात तू गेलीस.

आणि घरात त्याचा विनोद झाला, माय. आजीनं इंटरनेटला सुट्टी दिली, तो किस्सा. दरवर्षी दसऱ्याला कोणीतरी सांगतं. यंदाही लेकीनं फोनवर सांगितला, मायेनंच सांगितला, आणि मी तिच्याबरोबर हसलो. ही ती कबुली. ओरडलो त्याची लाज जुनी आहे, ती आता सवयीची झाली. पण यंदा हसलो, ते सहन होत नाही.

थांब, दारावर कोणीतरी आहे. तुझी सून नागपूरला बहिणीकडे गेली आहे, या वेळी कोणी यायचं नाही.

पाहून आलो. पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक उंच मुलगी उभी होती. मी ओळखलंच नाही. तर वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आजोबा, कळवलं असतं तर तुम्ही स्टेशनवर येऊन दोन तास उभे राहिला असता, म्हणून नाही कळवलं." तुझी पणती, माय. कॉलेजच्या कामासाठी नागपूरला आली होती, तिथून एकटी आली. आत्ता मागं हातपाय धुते आहे, नळाचा आवाज येतोय. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तो वहीत घालून ठेवतो. ती बाहेर आली की आधी पाणी देतो, आणि मग तिच्या बारशाला काय झालं होतं ते, जसं झालं तसं, सांगतो.