उकळून धुतलेल्या चादरी

ता. ४ मार्च

ति. ताईस, धाकटीचा सा. न.

फोन केला की तू ठेवून देतेस, म्हणून कागदावर भांडते. पार्सल मिळालं. पुन्हा उकळून धुतलेल्या चादरी! अगं, तुझ्या लाँड्रीतल्या सगळ्या पाठवल्यास तरी माझ्या लेकाचा न्यूमोनिया थांबणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतूंशी लढणारी द्रव्यंच त्याच्या रक्तात तयार होत नाहीत. जन्मजात आहे, आईकडून येतं. बाईला स्वतःला काही होत नाही, पण मुलग्यात उतरू शकतं. माझ्यात सापडलंय. म्हणजे तुझ्यातही असू शकेल, तुझ्या लेकीतही, आणि तिला सातवा महिना! तिचं रक्त तपासून घे. मुलगा झाला तर त्याला पहिल्या दिवसापासून जपता येईल. काही लसीसुद्धा विचारूनच द्याव्या लागतात.

लोभ आहेच, सध्या त्याच्यावर राग बसलाय इतकंच.

धाकटी

ता. ११ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

डॉक्टर काहीही सांगतात आणि तू मान डोलावतेस. मला कधी साधं पडसं झालं नाही, माझ्यात कुठला दोष असणार! तुझ्या खिडकीखाली गटार, भिंतीला ओल. पोरगं आजारी पडेल नाहीतर काय? पोटुशी लेकीला उगाच घाबरवू? तिच्या सासरी काय सांगू? आणि आईसमोर तर हा विषय नकोच. आपला भाऊ, बाबू, तान्हा गेला तेव्हा ओल्या दुपट्यात ठेवून आईनंच त्याला घालवलं, असं आत्या चारचौघांत म्हणाली होती. ते आईनं अजून उराशी धरलंय. आता दोष तिच्या रक्तातच होता म्हणून सांगू?

चादरी वापर. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई

ता. १८ मार्च

ति. ताईस, सा. न.

डोकं फोडून घ्यावंसं वाटतंय! बाबूचाही कान वाहायचा, छाती भरायची, विसरलीस? आईच्या माथी काही मारायचं नाहीये, माथ्यावरचं उतरवायचंय. तू सांगणार नाहीस, म्हणून मी तिलाच वेगळं पत्र टाकलंय. काय बोलायचं ते मला बोल.

रागावलीस तरी तुझीच,

धाकटी

ता. ३ एप्रिल

चि. धाकटीस, आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ताईनं आकांडतांडव केलं, पण मी नातीला रक्त तपासायला घेऊन गेलेच. तिच्यात आहे तो दोष. पोरगी खूप रडली. बाळंतपणाच्या डॉक्टरांना कळवलंय. मुलगा झाला तर लगेच तपासतील आणि तोवर लस देणार नाहीत. काल ताईही गुपचूप रक्त देऊन आली. तुझ्यावर मात्र अजून धुसफुसतेय.

मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, दुपटं ओलं राहिलं तर असं होतं का. त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाहीच म्हणाल्या.

बाबू गेल्यावर मी घरातलं फडकं न् फडकं उकळायला लागले. ते बघून शेजारणी कपडे आणून देऊ लागल्या, त्यातूनच ही लाँड्री उभी राहिली. लोक कौतुक करतात, आणि माझ्या हातांची सालटी निघाली गं. आज चादरी गार पाण्यात धुतल्या आणि वाळत घातल्या. बरं वाटायला हवं होतं. पण सकाळपासून नुसता संताप होतोय. वन्सं तर केव्हाच गेल्या. आता मी भांडू कोणाशी?

लेकाला जप. मला लिहीत राहा.

तुझी आई