दंडाला न पुरणारा पट्टा

अबकैक, सौदी अरेबिया, मंगळवार, संध्याकाळ

प्लांटच्या क्लिनिकमधल्या त्या नर्सने आज डोकं फिरवलं. बीपीचा पट्टा लहान, माझ्या दंडाला न पुरणारा. तोही जाड बाहीवरून आवळला. माझा हात लोंबकळतोय आणि ही माझ्या इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, चौकशी करतेय. अशाने आकडा जास्त येणार नाही तर काय? "अनफिट. टॉवरवर चढायचं नाही. खलास." अगं बाई, प्लांटातले प्रेशर गेज तपासणं हेच माझं काम. असं रीडिंग माझ्या माणसाने आणलं असतं तर मी त्याला सोलून काढला असता.

घरच्या मशीनचा पट्टा मोठा आहे. शांत बसून, उघड्या दंडावर, हात टेबलावर ठेवून घेतलं. आकडा थोडा उतरला, पण जास्तच. पुन्हा घेतलं, तरी तेच.

"हे मशीनही भिकार आहे," मी म्हटलं.

सुनीता भाजी चिरत होती. बायकोला नवऱ्याचं सगळं पाठ असतं. "अहो, प्रेशर वाढलं की तुमचे ऑपरेटर काय म्हणतात?"

"गेज खराब आहे."

"आणि तुम्ही?"

मी त्यांच्यावर रोज ओरडतो, आधी प्रेशर उतरवा, गेजचं मग बघू.

तरी पट्टा लहानच होता.