उत्तरेचं शेवाळ आणि आमची पंधरा दिवसांची शिस्त

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर आता साष्टांगाला राजी नाही, म्हणून कागदावरच घालतो.) तुमचा गुडघा आणि मामींचा पारा, दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे.

पत्रास कारण की, आमच्या वनस्पती संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी मला विचारलं, या उन्हाळ्यात सहा आठवडे परदेशी, पार उत्तरेला, शेवाळाचे नमुने गोळा करायला येता का? तिथे म्हणे उन्हाळाभर सूर्य मावळत नाही, दुकान दोन दिवसांच्या वाटेवर आणि डास चिमणीएवढे. गेली सव्वीस वर्षं तिकडचं शेवाळ दुसरे लोक आणतात आणि मी ते कागदावर चिकटवतो. ते जमिनीवर कसं दिसतं, हे मी एकदाही पाहिलेलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं, मामा. (मी सर्दी झाल्याचं सांगितलं.)

तयारी जोरात केली. पाठीवर अठरा किलोंची जाडजूड पुस्तकं घेऊन रोज जिना चढलो-उतरलो. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी न बोलावता येऊन तपासलं. बैठकीच्या खोलीत तंबू उभारला, तर त्याचं तोंड नेमकं कपाटाला लागलं आणि मी आत. तुमच्या भाचेसुनेनं तंबूची कड उचलून चहा आत सरकवला. हसली आणि मागोमाग बिस्किटंही सरकवली.

मग अर्ज. घडी पडू नये म्हणून तो मी नमुन्यांच्या कागदांत ठेवला. आता आमच्याकडची शिस्त अशी, की आलेला प्रत्येक गठ्ठा कीड मरावी म्हणून पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि मध्ये उघडायचा नाही म्हणजे नाही. अर्जाची मुदत होती दहा दिवसांची. अर्ज बाहेर आला तो अगदी करकरीत, एकही घडी नसलेला आणि बिनकामाचा. माझ्या जागी ऑफिसातली नवी मुलगी गेली. तिनं परवा फोटो पाठवला, त्यात तिचा बूट घोट्यापर्यंत हिरव्यागार शेवाळात रुतलेला. माझ्याकडे येईस्तोवर ते तपकिरी झालेलं असतं. फार वाईट वाटलं, मामा. त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा कोण विचारणार?

मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा

ता. क. गठ्ठा फ्रीजरमध्ये मीच ठेवला आणि आत काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटली. घरी मात्र ‘मामा नको म्हणाले’ असं सांगून मोकळा झालो. कृपा करून सांभाळून घ्या.

आणखी एक ता. क. तुमची भाचेसून म्हणाली, “मामांना विचारलंत. मला विचारलं असतंत, तर जा म्हटलं असतं.” रविवारी ती तुमच्याशी भांडायला येते आहे. यांना का जाऊ दिलं नाहीत, असं विचारेल. एखादं कारण सुचलं, तर मलाही कळवा.